चाळीस पैशांनी परत फिरलेला कागद: वसईचा पुरवठादार आणि नागोयाचा ग्राहक

बैठक मुंबईत मरोळच्या ऑफिसात झाली, अकरा ते सव्वा एक. जपानी बाजूने तिघे आणि एक दुभाषी. इकडून मालक, त्यांचा धाकटा भाऊ आणि क्वालिटी सांभाळणाऱ्या मॅडम. शेवटच्या दहा मिनिटांत किमतीचा कागद टेबलावर आला: वायर हार्नेसची, म्हणजे वाहनातल्या तारांच्या जुडग्याची, एक प्लास्टिक क्लिप, नगाला ९ रुपये ४० पैसे, महिन्याला ६० हजार नग. समोरचे तिघे गप्प. एकाने आकडा वहीत उतरवला, दुसऱ्याने पेन खाली ठेवलं, सगळ्यांत ज्येष्ठ होते ते डोळे मिटून बसले. वीस सेकंद गेली असतील, फार तर तीस. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मुंबईच्या बाजारात भाव सांगितल्यावर समोरचा गप्प बसला की अर्थ एकच, भाव पटलेला नाही. मालक म्हणाले, "चला, पहिलंच काम आहे आपलं. तुमच्यासाठी नऊ रुपये." दुभाष्याने सांगितलं. ज्येष्ठांनी डोळे उघडून शेजाऱ्याकडे पाहिलं. मग वाकून नमस्कार, कार्डं, लिफ्टपर्यंत सोबत. "आम्ही यावर विचार करू," एवढं म्हणून पाहुणे गेले. मालक भावाला म्हणाले, "झालं काम." पुढचे सात आठवडे नागोयाहून मंजुरी आली नाही.

हे प्रकरण कुठल्या एका कारखान्याचं नाही. जपानी ग्राहकाला माल देणाऱ्या छोट्या-मध्यम उद्योगांत ज्या गोष्टी वारंवार बिघडतात, त्या एका व्यवहारात बसवल्या आहेत. आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. रीती, शब्द आणि कागद खरे आहेत. मांडणी अशी: ऑफिस मरोळला, कारखाना वसई पूर्वेला वालीवला, साच्यात (मोल्डमध्ये) वितळलेलं प्लास्टिक भरणारी बारा मोल्डिंग मशिनं. ग्राहकाचा भारतातला कारखाना राजस्थानात नीमराणाच्या जपानी औद्योगिक क्षेत्रात, आणि नव्या पुरवठादाराला मंजुरी देणारं मुख्य कार्यालय नागोयाला.

ठरतं कुठे

वालीवच्या कारखान्यात निर्णयाचा नकाशा काढायला अर्धं पान पुष्कळ. पन्नास हजारांपर्यंतची खरेदी प्रॉडक्शन मॅनेजर करतात. भाव, उधारी, नवीन मशीन, माणूस घेणं-काढणं, सगळं मालकाकडे. विचारायचंच झालं तर भावाला, तेही हायवेवर गाडी अडकलेली असताना. मालक बैठकीला बसले म्हणजे अधिकारच येऊन बसला. या पद्धतीला उगाच नावं ठेवायचं कारण नाही. दुपारी आलेल्या चौकशीला संध्याकाळी भाव देऊन दुसऱ्या दिवशी मोल्ड चढवता येतो, तो याच जोरावर.

नागोयाला निर्णय खालून वर जातो. खरेदी विभागात या क्लिपचं काम ज्याच्या नावावर आहे तो 'तांतोशा', बहुतेकदा तिशीतला मुलगा. तो 'रिंगी-शो' लिहितो, म्हणजे प्रस्तावाचा मंजुरीकागद. सोबत भावाची फोड, इतर पुरवठादारांशी तुलना, कारखान्याच्या तपासणीचे गुण, ड्रॉइंग, वेळापत्रक. कागद आधी त्याच्या सेक्शनप्रमुखाकडे, म्हणजे 'काचो'कडे जातो. मग क्वालिटी, उत्पादन अभियांत्रिकी, लेखा आणि शेवटी विभागप्रमुख 'बुचो'. रक्कम मोठी असली तर त्याच्याही वर. प्रत्येक जण आपला 'हांको', म्हणजे नावाचा शिक्का मारतो. २०२० नंतर बऱ्याच ठिकाणी शिक्क्याची जागा संगणकाने घेतली, पण क्रम तोच राहिला.

खरं काम मात्र कागद निघायच्या आधी होतं. त्याला 'नेमावाशी' म्हणतात. मूळ शब्द माळीकामाचा: मोठं झाड हलवायचं तर बरंच आधी मुळांभोवती खणून ठेवायचं. तांतोशा प्रत्येक विभागात एकेकट्याला भेटतो, शंका ऐकतो, कागद दुरुस्त करतो. रिंगी फिरायला लागते तेव्हा तिच्यात कोणालाच नवीन वाचायला काही नसतं.

मुंबईकराला हे परकं वाटायचं कारण नाही. सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आठवा. राज्य सरकारच्या जुलै २०१९ च्या ७९(अ) निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ती काय विशेष सर्वसाधारण सभेत मिळते? सेक्रेटरी महिनोन्‌महिने जिने चढतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना किती चौरस फूट वाढीव मिळणार, दुकानवाल्यांना दर्शनी जागा राहणार का, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, हे सगळं दारात उभं राहून मिटवतो. सभेत हात वर होतात तेव्हा गोष्ट ठरून गेलेली असते. आणि सभेत उठून कोणी बिल्डरच्या वतीने एकदम नवा आकडा फेकला, तर फायद्याचा असला तरी सभा मोडते. लोक विचारतात, मग आधी का नाही सांगितलं?

मरोळच्या बैठकीत नेमकं हेच झालं. भावाचा कागद नागोयाला पाच आठवडे आधी ईमेलने गेलेला होता. ९ रुपये ४० पैसे हा आकडा धरून नेमावाशी उरकली होती आणि रिंगीवर पहिले शिक्केही पडले होते. पाहुणे ठरवायला आलेच नव्हते. कागदावर जे लिहिलंय तेच ही माणसं तोंडाने सांगतात का, हे पाहायला आले होते.

चाळीस पैशांचा हिशेब

क्लिपचं वजन १८.४ ग्रॅम, माल ३० टक्के काचतंतू भरलेलं नायलॉन ६६, किलोला २८० रुपये. चार कॅव्हिटीचा मोल्ड, म्हणजे एका वेळी चार नग, सायकल ३८ सेकंद, म्हणजे तासाला साधारण ३७९ नग. नागोयाला गेलेली फोड अशी होती: माल ५.१५, रनरचा (मोल्डच्या वाटांत उरणाऱ्या प्लास्टिकचा) वाटा ०.६३, मशीन तासाला ४५० रुपये धरून १.१९, मजुरी आणि तपासणी ०.७५, पॅकिंग-वाहतूक ०.५५, दोन टक्के रिजेक्शन ०.१७, वरखर्च आणि नफा ०.९६. बेरीज ९.४०.

आता नऊ रुपये म्हटल्यावर तांतोशापुढे प्रश्न पडला: ४० पैसे कुठल्या ओळीतून गेले? मालाच्या ओळीतून गेले असतील तर ग्रेड बदलणार का? रनरचा भुगा परत मिसळणार का? ड्रॉइंगमध्ये अशा भुग्याला, रिग्राइंडला, बंदी आहे. शेवटच्या ओळीतून गेले असतील तर वरखर्चासह ५६ पैसे उरतात. हा माणूस सहा महिन्यांनी भाव वाढवून मागेल किंवा माल हलका देईल. आणि काहीच न बदलता कमी झाले असतील, तर मूळ भाव फुगवलेला होता आणि फोडीतल्या इतर ओळींवरही भरवसा ठेवता येत नाही. काचोने पुढच्या विभागाकडे पाठवलेला कागद त्याला मागे घ्यावा लागला. नवी फोड मागवणं, पुन्हा सगळ्या विभागांत फिरणं, नवे शिक्के, यात ते सात आठवडे गेले.

आपल्याकडे भाव करायला ठेवलेली जागा हा सभ्यतेचा भाग आहे. समोरच्याला काहीतरी मिळाल्याचं समाधान द्यायचं असतं. जपानी खरेदीदार घासाघीस करत नाहीत, असं मात्र समजू नये. करतात, आणि चिवटपणे करतात. फक्त ओळ धरून करतात. सायकल ३८ ची ३५ सेकंद होईल का, रनर बारीक करता येईल का, पेटीत ५०० ऐवजी ६०० नग बसतील का. त्यातून निघालेले २० पैसे त्यांना मान्य, हवेतून आलेले ४० पैसे नाहीत.

नुकसान मोजायचं तर महिन्याला २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार, तेही कोणी मागितलेले नसताना. वर सात आठवड्यांचा उशीर. मोल्डचा पहिला हप्ता मंजुरीला बांधलेला होता, तोही तेवढाच लांबला.

त्या तीस सेकंदांत काय करायला हवं होतं? पाणी प्यायचं. गप्प बसवतच नसेल तर, "फोडीतल्या कुठल्या ओळीबद्दल अधिक माहिती हवी आहे का?" एवढं विचारायचं.

दोन्हीकडचं 'हो'

जपानी बैठकीत 'हाय' ऐकू येतं त्याचा अर्थ पुष्कळदा 'ऐकतोय, पुढे बोला' इतकाच असतो. 'केंतो शिमासु', विचार करतो, याचा अर्थ प्रसंगावर ठरतो. पुढचा प्रश्न किंवा तारीख जोडलेली असेल तर खरोखर विचार, नुसतंच असेल तर बहुधा नकार. 'मुझुकाशिई', म्हणजे अवघड आहे, हा जवळजवळ ठाम नकार. मुंबईचा माणूस 'अवघड आहे' ऐकून बाह्या सरसावतो, कारण इथे तो सौद्याचा आरंभ असतो.

पण आपलं 'हो' तरी कुठे सरळ आहे? 'होऊन जाईल' म्हणजे इच्छा आहे, तारीख नाही. 'बघतो' म्हणजे पाच अर्थ. 'साहेबांशी बोलून सांगतो' म्हणजे नाही, पण तोंडावर म्हणायचं नाही. नीमराणाच्या अभियंत्याने विचारलं होतं, "पहिले नमुने २० तारखेला मिळतील?" प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "होऊन जाईल." तिकडे २० तारीख वेळापत्रकात चढली. इकडे मोल्ड अजून टूलरूममध्ये पॉलिशिंगला होता. नमुने २७ ला गेले. सात दिवसांचा उशीर एक वेळ चालला असता. १८ तारखेपर्यंत कोणी कळवलं नाही, हे त्यांच्या नोंदीत लाल शाईने गेलं. जपानी कंपन्यांत नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवतात तो मंत्र 'होरेन्सो': होकोकु, रेनराकु, सोदान, अहवाल द्या, कळवा, विचारा. उच्चार पालकाच्या भाजीच्या नावासारखा, म्हणून लक्षात राहतो. वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला तिथे कामाचा माणूस समजतात. आपल्याकडे वाईट बातमी सांगण्याआधी ती सुधारून टाकायची धडपड असते.

पाच नंबर बंद पडली ती रात्र

उत्पादन सुरू होऊन चौथा महिना. रात्री ११ वाजून ४० मिनिटं. क्लिपचा मोल्ड पाच नंबरच्या १८० टनी मशिनवर चालू होता, हायड्रॉलिक पंप गेला. मॅनेजरनी मालकांना फोन लावला.

"साहेब, पाच नंबर बसली. पंप गेलाय, उद्या दुपारशिवाय होत नाही."

"गाडी किती वाजता आहे?"

"दुपारी चारला."

"सात नंबर मोकळी आहे ना? चढवा तिच्यावर. टनेज जास्तच आहे, फ्लॅश येणार नाही."

टनेज म्हणजे मोल्ड मिटून धरणारा जोर, फ्लॅश म्हणजे कडेने बाहेर आलेलं प्लास्टिक. दोन मिनिटांत निर्णय झाला. दीडपर्यंत सेटरने २२० टनी मशिनवर मोल्ड बसवला, पर्जिंग करून आधीचा माल बाहेर काढला, मापं तपासली. मापं ड्रॉइंगमध्ये बसत होती. दुपारपर्यंत ४,५०० नग, म्हणजे ५०० च्या नऊ पेट्या, वेळेवर गाडीत. वालीवच्या हिशेबाने ही शाबासकीची गोष्ट.

नीमराणाला क्लिप बसवताना काहींची पकड मोडली. कारण असं: २२० टनी मशिनचा स्क्रू मोठा, बॅरलमध्ये माल जास्त मावतो, शॉट, म्हणजे एका वेळी मोल्डमध्ये जाणारा माल, मात्र तेवढाच. म्हणून प्रत्येक दाणा २८० अंशांच्या आसपासच्या तापमानात जास्त वेळ राहतो. नायलॉन ६६ असा शिजत राहिला की त्याची साखळी तुटते आणि नग ठिसूळ होतो. वजन तेच, मापं तीच, रंगात जेमतेम फरक. कॅलिपरला हे दिसत नाही. वाकवून पाहिलं असतं तर दिसलं असतं, पण रात्री तशी चाचणी करण्याचा रिवाज नव्हता.

गुणवत्तेचा दोष समजून घेता आला असता. ग्राहकाने धरलं ते दुसरंच: मशीन बदललं हे आम्हाला का सांगितलं नाही? वाहन उद्योगात माणूस, मशीन, माल आणि पद्धत या चारांपैकी काहीही बदललं तर आधी कळवून मंजुरी घ्यायची असते. त्याला फोर-एम बदल म्हणतात. करारात ते होतं, मालकांची सहीही होती. मालकांच्या लेखी ते कलम कायमच्या बदलासाठी होतं, एका रात्रीसाठी नव्हे. शिवाय वालीवला पावणेबारा म्हणजे नागोयाला पहाटेचे सव्वातीन, विचारायचं कोणाला?

पेट्यांच्या लेबलवर मशीन नंबर नव्हता, त्यामुळे नऊ पेट्या वेगळ्या काढता येईनात. गोदामातल्या तीसही पेट्या, १५ हजार नग, अडकवून ठेवले. चाळीस हजारांच्या मालासाठी तिप्पट माल अडकला, निवडणीला माणसं पाठवावी लागली, आणि आठ टप्प्यांचा सुधारणा-अहवाल तीनदा परत आला. पहिल्यांदा कारण लिहिलं होतं: 'पंप बिघडला.' दुसऱ्यांदा: 'ऑपरेटरला समज दिली.' तिसऱ्यांदा मॅडमनी मालकांना समोर बसवून खरं कारण लिहिलं: रात्री मशीन बदलण्याचा निर्णय एकाच माणसाकडे आहे आणि त्याला अडवणारी पायरी नाही. तो अहवालही एका तारखेसाठी परत आला, पण कारण मान्य झालं.

काय बदललं

पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त होती. सात आणि नऊ नंबरच्या मशिनवर दिवसाउजेडी चाचणी घेऊन नमुने पाठवले आणि तिन्ही मशिनं आधीच मंजूर करून घेतली. सातसाठी बॅरलचं तापमान कमी ठेवलं, स्क्रू मागे घेण्याची वेळ उशिरा लावली. आता रात्री मशीन पडलं तर मोल्ड हलवायला कोणाला विचारावं लागत नाही. ठरलेल्या सेटिंगचा कागद मशिनला टांगलेला आहे. मालकांचा दोन मिनिटांचा निर्णय आता सहा आठवडे आधी घेऊन ठेवलेला असतो. जपानी पद्धतीचा हा उपयोग मालकांना सगळ्यात आधी पटला.

दुसरी, पेटीच्या लेबलवर मशीन नंबर आणि पाळी. तिसरी, ग्राहकानेही एक पाऊल टाकलं: नीमराणाच्या क्वालिटीतल्या एका भारतीय अभियंत्याला रात्रीपुरती परवानगी देण्याचा अधिकार मिळाला, मंजूर मशिनबाहेरचा बदल असेल तर त्याला फोन. ही मागणी वसईकडून लेखी गेली, तिच्यावर तिकडे रिंगी झाली, दोन महिने लागले.

भावाच्या बाबतीत नियम असा ठरला की बैठकीत कुठलाही नवा आकडा तोंडून जाणार नाही. बदल सुचला तर तीन दिवसांत, बदललेली ओळ रंगवून, कारणासह ईमेलने. महत्त्वाच्या बैठकीचे कागद दहा दिवस आधी तांतोशाकडे, आणि सोबत प्रश्न: "कोणत्या विभागाला यात अडचण दिसते?" या एका प्रश्नाने बरंच काम होतं, कारण त्याची नेमावाशी आपण सोपी करून देतो. हे सगळं मालकांना जड गेलं. बैठकीत गप्प बसणं त्यांना मालकी सोडल्यासारखं वाटे, आणि ते अगदीच चूक होतं असंही नाही.

इथे एक सावधगिरी. देशांचे स्वभाव मोजणारे तक्ते प्रसिद्ध आहेत. डच संशोधक हॉफस्टेड यांच्या निर्देशांकात सत्तेतलं अंतर मान्य करण्याबाबत भारत ७७ आणि जपान ५४, अनिश्चितता टाळण्यात जपान ९२ आणि भारत ४०. वरच्या प्रकरणाशी हे जुळतं खरं, पण मशीन हलवावं की नाही हे त्यातून कळत नाही. शिवाय याच ग्राहकाचा नीमराणाचा खरेदीप्रमुख भारतीय होता आणि छोटी खरेदी तो फोनवर, पाच मिनिटांत, अस्सल दिल्लीच्या पद्धतीने करायचा. मुंबईतही बीकेसीच्या हिरेबाजारात लाखोंचा माल जांगडच्या (विकला तर पैसे, नाहीतर माल परत) चिठ्ठीवर, शब्दावर जातो. तिथे फोड मागणारा माणूसच विचित्र ठरेल. जर्मन ग्राहक बैठकीत तोंडावर खोडून काढेल आणि इतिवृत्तात लिहिलेलं शेवटपर्यंत पाळेल. अमेरिकन झटकन हो म्हणेल आणि महिन्याने बदलाचा आदेश पाठवेल, त्याचे पैसेही देईल. म्हणून देश विचारण्याआधी विचारायचं ते हे: ही रक्कम कोणाच्या सहीने मंजूर होते, कागद कोण लिहितो, आणि ठरलेलं पुन्हा उघडता येतं का?

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मोल्डच्या दोन लाख शॉटनंतरच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च ग्राहक देईल, असं जुन्या तांतोशाने रात्रीच्या जेवणात सांगितलं होतं. मालकांनी ते शब्द म्हणून घेतलं. जपानी कंपन्यांत बदल्या साधारणपणे एप्रिलला होतात; आर्थिक वर्ष त्यांचंही एप्रिल ते मार्च. नवा माणूस आला, त्याने हस्तांतराची फाइल नीट वाचली आणि नम्रपणे कळवलं की अशी नोंद सापडत नाही. दुरुस्तीचं बिल ६५ हजारांचं आलं. ते वालीवने भरलं, आणि मॅडमनी त्याच दिवशी पुढच्या दुरुस्तीच्या वाटणीचा ईमेल नागोयाला पाठवला, दहा ओळींचा, फोड जोडून. त्यावर उत्तर आलं: विचार करतो, १५ जूनपर्यंत कळवतो.